नौकेवरील वास्तव्य आणि अर्धशक्ती व्यायाम

स्वस्थवृत्तातील व्यायामविचार आपण सर्वांनी अभ्यासलेला आहे व तो रुग्णांस नित्य सांगतोही. परंतु 'रोज सकाळी तासभर चालावे' हा आपला नेहमीचा सल्ला ज्याच्या पायांखाली जमीनच नाही त्यास लागू पडत नाही. कोकण किनाऱ्यावरून ट्रॉलरवर जाणारा खलाशी एका फेरीत आठ-दहा दिवस समुद्रावरच राहतो, तर व्यापारी जहाजावरील कर्मचाऱ्याचे वास्तव्य कित्येक महिन्यांचे असते. प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः ट्रॉलरवरील खलाशाचा विचार केला आहे. तत्त्व मात्र दोघांनाही समान आहे.

श्रम आणि व्यायाम यांतील भेद

"दिवसभर जाळी ओढतो, आणखी व्यायाम कशाला?" असे खलाशी विचारतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर चरकाचार्यांनी केलेल्या व्याख्येत मिळते. शरीराची जी चेष्टा इष्ट असते, स्थैर्य व बल वाढविते आणि मात्रेने केली जाते, तो व्यायाम होय. जाळे ओढण्याची मात्रा खलाशी ठरवीत नाही, ती जाळ्यात आलेली मासळी ठरविते. या कामात कंबर सतत पुढे वाकलेली असते, खांद्यांवर एकाच दिशेचा ताण येतो आणि उकिडवे बसून मासळी निवडावी लागते. त्यात नौकेच्या हेलकाव्यांमुळे पोटऱ्या व पाठीचे स्नायू तोल सावरण्यात अखंड गुंतलेले असतात. त्याने थकवा येतो, पण चालण्याचा लाभ मिळत नाही. जागरण, गार वारा व अवेळी जेवण यांची भर पडून वातप्रकोप होतो आणि कटिशूल, गृध्रसी, खांद्याचे दुखणे घेऊन तो आपल्याकडे येतो. किनारा कित्येक तासांच्या अंतरावर असताना कंबर धरली, तर त्याचे काम इतरांवर पडते व जीवही धोक्यात येतो.

म्हणून नौकेवरील व्यायामाचे सूत्र असे : काम जे करवून घेते त्याच्या उलट दिशेची चेष्टा करावी, आणि तीही थोडी.

काय व केव्हा करावे

नौका लहान असते. २०१७-१८ साली भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी जिच्यावरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती 'तारिणी' अवघी ५६ फूट लांबीची आहे. अशा जागी व्यायाम एका ठिकाणी राहूनच करावा लागतो. जाळे पाण्यात सोडल्यानंतर ते ओढत नेण्यास दोन-तीन तास लागतात. ज्यांची पाळी नाही त्यांना या काळात सवड असते. त्या वेळी, जेवणापूर्वी, पाच-सात मिनिटे पुढीलप्रमाणे करावे :

१) केबिनची भिंत वा पक्का आधार धरून सावकाश दहा बैठका व टाचा उचलणे.
२) भिंतीला हात टेकून दंड.
३) आडवे होऊन भुजंगासन व सेतुबंधासन, तसेच मार्जारासन. ही आसने वाकलेल्या पाठीस उलट दिशा देतात.
४) खांदे मागे नेऊन दीर्घ श्वसन.

दिवसातून असे तीन वेळा केले की सुमारे वीस मिनिटे होतात. प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सुचविला आहे. तेथवर पोचणे अशा रीतीने अवघड राहत नाही. उड्या, शीर्षासन व एका पायावरील आसने नौकेवर वर्ज्य समजावीत. कठड्याजवळ व्यायाम करू नये. मळमळ, अजीर्ण वा ज्वर असताना विश्रांतीच घ्यावी.

अर्धशक्तीची खूण रुग्णास सोप्या शब्दांत सांगावी. कपाळ, नाक व काखा यांना घाम सुटू लागला आणि तोंडाने श्वास घ्यावासा वाटला की थांबावे. ज्या दिवशी जाळी जड आली त्या दिवशी बैठका सोडून केवळ पाठीची आसने करावीत. रात्री जागरण झाले असल्यास वाग्भटाचार्यांनी सांगितल्याप्रमाणे जागरणाच्या निम्मा वेळ सकाळी उपाशीपोटी झोपावे. झोप मोडून व्यायाम करू नये.

ऋतुविचार

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. या काळात खलाशास सवड मिळते, म्हणून त्यास भरपूर व्यायाम सांगण्याचा मोह होतो. परंतु वर्षाऋतूत अग्नी मंद व वात प्रकुपित असल्याने व्यायाम मर्यादित ठेवण्याची शास्त्राज्ञा आहे. हा काळ स्नेहन, स्वेदन व बस्तीचा होय. जुने कटिशूल याच दिवसांत उपचारास घ्यावे, चालणे हलके ठेवावे आणि हेमंतात, बल व अग्नी उत्तम असताना, व्यायाम अर्धशक्तीपर्यंत न्यावा.

औषधालयचालकांसाठी

फेरीवर निघण्यापूर्वी खलाशी दुकानात येऊन आठ-दहा दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या मागतो. भर उन्हात घाम गाळणाऱ्या व पाणी कमी पिणाऱ्या माणसाने अशा गोळ्या रोज घेतल्यास वृक्कांस अपाय होतो. चिठ्ठीवाचून त्या देऊ नयेत. त्याऐवजी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत तिळतेल वा महानारायण तेल द्यावे. मर्दन काम संपल्यावर, निजण्यापूर्वी करावे आणि तळपाय पुसूनच डेकवर जावे, हे आवर्जून बजावावे. तेलकट पाय घसरतात. मळमळीसाठी सुंठ सोबत द्यावी. पाय बधिर होणे, लघवीवरील ताबा जाणे वा छातीत कळ येणे ही लक्षणे दिसल्यास व्यायाम व औषध बाजूस ठेवून तांडेलाने तत्काळ किनाऱ्याशी संपर्क साधावा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक औषधाच्या पाकिटावर लिहून द्यावा.

जहाजावरील नोकरदारास वैद्यकीय पात्रतेचे प्रमाणपत्र लागते. त्याची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे असते. रक्तदाब वा मधुमेह हाताबाहेर गेल्यास त्याची उपजीविकाच धोक्यात येते. त्यासही वरील क्रम पाळीच्या वेळेनुसार बसवून द्यावा.

किनारपट्टीवरील वैद्यबंधूंना आमची विनंती आहे की, रुग्णपत्रकावर 'व्यवसाय : खलाशी' एवढेच न लिहिता फेरी किती दिवसांची, पाळी कोणती व निद्रा किती, हेही विचारून लिहावे. त्यावाचून व्यायामाची मात्रा ठरविता येत नाही.