रविवारी धुळ्याला ये

धुळे

चि. बापू यास,


ताईचा फोन आला होता. सप्टेंबरच्या झडीत कपाशीच्या कैऱ्या झाडावरच सडल्या, उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी अळी निघाली आणि दोन वेचण्यांत जो कापूस आला तो खेडा खरेदीवाल्याने ओला म्हणून पाडून मागितला, हे सगळं कळलं. पण खरा घोर लागला तो तिच्या पुढच्या बोलण्याने. तू पारावर बसत नाहीस, कोणाचा फोन घेत नाहीस आणि काही विचारलं की ‘बठ्ठं वाया गयं’ एवढंच म्हणून आत निघून जातोस. म्हणून हे पत्र. कागद तरी वाचशील.

‘सगळं ठीक होईल’ असं मी लिहिणार नाही. भाव चढेल का, पुढल्या साली पाऊस वेळेवर येईल का, मला ठाऊक नाही. कोरडा धीर देणाऱ्यांचा मला राग येतो. त्यातून मी पेन्शनवाला, मला तर तो हक्कही नाही.

त्याऐवजी आमच्या धुळ्याच्या तुरुंगातली गोष्ट सांगतो. साल 1932. जानेवारीच्या 4 तारखेला गांधीजींना धरलं, काँग्रेस बेकायदा ठरली, गोलमेज परिषदेतून हाती काही लागलं नव्हतं. पुढे 1947 उजाडणार आहे हे आपल्याला माहीत आहे, तेव्हाच्या कैद्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे भिंत होती आणि चळवळ पार चेपली गेल्याच्या बातम्या होत्या. त्या तुरुंगात विनोबा होते, वय 36. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली मास्तरकी सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजी होते, वय 32. 21 फेब्रुवारीच्या रविवारी विनोबांनी कैद्यांपुढे गीतेचा पहिला अध्याय सांगायला घेतला. दर रविवारी एक, असे अठराही अध्याय 19 जूनला पुरे झाले. मधे अख्खा उन्हाळा गेला, आणि धुळ्याचा मे महिना काय असतो हे तुला वेगळं सांगायला नको. गुरुजी समोर बसून ऐकलेलं भराभर उतरवून घेत. हाताला सवय होतीच. अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढायचे. त्या लिखाणाचं पुढे ‘गीता प्रवचने’ झालं आणि देशातल्या कितीतरी भाषांत गेलं.

कीर्तनकार मंडळी रागावतील, पण या गोष्टीत मला गीतेपेक्षा रविवार मोठा वाटतो. सुटका कधी होणार हे त्यांच्यापैकी कोणाच्याच हातात नव्हतं. पुढचा रविवार मात्र होता. एक सांगणारा, चार ऐकणारे आणि एक लिहून घेणारा, एवढ्यावर आशा टिकून राहिली. विनोबा एकटेच कोठडीत अध्याय म्हणत बसले असते तर ते आपल्यापर्यंत आलेच नसते. आसोद्याच्या बहिणाबाईंचंही तसंच. तिशीत वैधव्य आलं, अक्षरओळख नव्हती, शेतात आणि जात्यावर गाणी सुचायची. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी ती टिपून ठेवली म्हणून त्या गेल्यावर 1952 मध्ये पुस्तक निघालं. दुःख त्यांचंच होतं, पण कान देणारं माणूस घरात होतं.

आता एक अवघड गोष्ट. हजारोंना धीर देणाऱ्या साने गुरुजींनी 11 जून 1950 रोजी आपलं आयुष्य आपणच संपवलं. जयंतीच्या भाषणांत लोक हे गाळतात. मी गाळत नाही, तुला लिहिताना तर नाहीच. त्यांची श्रद्धा कमी पडली असं कोणी म्हटलं तर मला मान्य नाही. इतका श्रद्धावान माणूस आपल्या खानदेशाने फारसा पाहिला नसेल. माणसांच्या गराड्यातही आत एकटेपण शिरतं. त्यात कमीपणा कसला? तसलं काही मनात डोकावत असेल तर त्याच घटकेला सूनबाईला सांग, मला रात्री दोनला उठव. घरच्यांशी बोलवत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, 14416, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

बाकी कामाचं. फरदड धरू नकोस. चार वेचण्यांच्या आशेने पऱ्हाट्या उभ्या ठेवशील तर तीच अळी पुढच्या हंगामात पहिल्या फुलावर येऊन बसेल. घरात पडलेला कापूस उन्हात चांगला वाळव. ओलावा 12 टक्क्यांच्या आत आला तर सीसीआयच्या हमीभाव केंद्रावर नेता येईल, घायकुतीला येऊन त्या खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर टाकू नकोस. सोसायटीचं कर्ज, बँकेचं कर्ज आणि हातउसने अशा तीन वेगळ्या याद्या कर. कर्जाचा खरा आकडा सूनबाईला आणि ताईला माहीत हवा. सूनबाईला काय वाटेल म्हणून तू लपवत असशील, तर ती त्याहून वाईट काहीतरी मनात धरून बसली आहे.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीने धुळ्याला ये. येताना सातबारा, पीकविम्याची पावती आणि पंचनाम्याची नक्कल आण. सोमवारी आपण दोघं मिळून बँकेत जाऊ आणि कर्जाचं पुनर्गठन होतं का ते विचारू. त्याच्या पुढच्या रविवारी मी तुझ्याकडे येईन. पेरणीपर्यंत आपण हे असंच चालू ठेवायचं. तू आला नाहीस तर मी दुपारच्या गाडीने तिकडे निघेन, तेव्हा काय ते आधीच ताईला सांगून ठेव.

तुझा,
मामा