आपलं मराठी कुलुपात तर नाही ना?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, शाळेच्या संगणकावरची पंधरा-वीस वर्षांपूर्वीची प्रश्नपत्रिका उघडून बघा. बऱ्याचदा मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आपण म्हणतो, "फाइल खराब झाली." पण फाइल ठणठणीत असते; नसतो तो तिचा फाँट.

असं का होतं? संगणक अक्षरं नव्हे, तर त्यांचे क्रमांक साठवतो. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांसारख्या दुसऱ्या चिन्हांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवली होती. कृतिदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं, की फाइलमध्ये ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं साठतात! त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. म्हणजे लेखन आपलं, पण किल्ली दुसऱ्याच्या हातात.

या फाँटनी त्या काळात मराठी संगणकावर आणली, हे मान्यच. पण आज त्याची किंमत मुलं मोजतात. अशा फाइलमध्ये 'पाणी' शब्द शोधला तर सापडत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याचं वाचन-सॉफ्टवेअर त्याला धडा नाही, तर निरर्थक इंग्रजी अक्षरं ऐकवतं.

युनिकोड हे खुलं मानक आहे. 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे. त्यात 'क'चा क्रमांक 0915. मोबाइल कोणताही असो, संगणक कोणत्याही कंपनीचा असो, तो बदलत नाही. मानक सर्वांसाठी प्रसिद्ध केलेलं आहे, वापरायला शुल्क नाही. फाँट कंपनीच्या मालकीचा असला तरी चालतो. विंडोजमधला 'मंगल' काढून 'मुक्ता' लावला, तरी मजकूर वाचता येतोच.

मग काय करायचं?

1. नवीन सगळं युनिकोडमध्येच टाइप करा.
2. जुना फाँट चालू असेपर्यंत महत्त्वाच्या फाइली परिवर्तकाने बदलून घ्या. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घाला. चुका तिथेच होतात.
3. केवळ पीडीएफ करून निर्धास्त होऊ नका. दिसायला मराठी असली, तरी आत जुनीच अक्षरं असू शकतात. एक ओळ कॉपी करून मोबाइलच्या संदेशात चिकटवा. मराठी उमटली, तर ठीक.

हीच कसोटी शाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या ॲपलाही लावा. विकत घेण्याआधी एवढंच विचारा: "उद्या हे बंद पडलं, तर आमच्या मुलांचं काम आम्हाला दुसरीकडे उघडता येईल का?" उत्तर 'नाही' आलं, तर दहादा विचार करा.