दिव्य, स्वप्न आणि वंशकथा : 'स्वेरिस सागा'तील राजपदाचा दावा

बाराव्या शतकातील नॉर्वेत राजपद ज्येष्ठ पुत्राकडेच जावे असा दंडक नव्हता. राजाचा कोणताही पुत्र, मग तो औरस असो वा अनौरस, राजपदावर सारखाच हक्क सांगू शकत असे. एकाच वेळी दोघातिघांनी 'राजा' म्हणवून घेण्यासही परंपरेची आडकाठी नव्हती. दाव्यास मान्यता देण्याचे काम 'थिंग' या नावाच्या प्रादेशिक सभा करीत. वरवर पाहता ही व्यवस्था उदार वाटते. परंतु राजाचे पितृत्व सिद्ध कसे करावयाचे, हा अवघड प्रश्न तिच्या पोटात दडलेला होता. ११३० ते १२४० या काळात नॉर्वेत जी यादवी माजली, तिला प्रादेशिक हेवेदावे, सरदारकुळांची स्पर्धा, चर्चचे वाढते बळ अशी इतरही कारणे होती. तथापि प्रत्येक बंडाला चेहरा लाभला तो कुणीतरी स्वतःस राजपुत्र म्हणवून घेतल्यामुळेच. या यादवीतून जन्मास आलेली 'स्वेरिस सागा' ही स्वेरे राजाची चरित्रकथा केवळ घटनांची नोंद करीत नाही, तर जे सिद्ध करता येत नव्हते ते कथन करून सिद्ध करू पाहते. या दृष्टीने तिचा विचार येथे करावयाचा आहे.

स्वेरेच्या आधीची परिस्थिती थोडक्यात पाहिली म्हणजे त्याच्या अडचणीचे स्वरूप ध्यानात येते. आयर्लंडहून आलेल्या हाराल्ड गिल्ले याने आपण मॅग्नस बेअरफूट या राजाचे पुत्र असल्याचे सांगितले. तत्कालीन राजा सिगुर्ड याने त्यास दिव्य करावयास लावले. तापवून लाल केलेल्या नऊ फाळांवरून हाराल्ड अनवाणी चालला, असे स्नोरी स्तुर्लुसन आपल्या 'हाइम्सक्रिंग्ला' या राजकथासंग्रहात सांगतो. 'दिव्य' हा शब्द मराठी वाचकास महजरांतून परिचित आहे. तेथे वाद बहुधा वतनाचा किंवा शिवेचा असतो. येथे तो राज्याचा आहे, एवढाच काय तो फरक. सिगुर्ड आणि त्याचा पुत्र मॅग्नस हयात असेतो राज्य न मागण्याची शपथ हाराल्डने वाहिली होती. ११३० मध्ये सिगुर्ड मरण पावताच ती मोडली गेली. ११३५ मध्ये हाराल्डने मॅग्नसला पकडून त्याचे डोळे काढले. ११३६ मध्ये स्वतः हाराल्ड मारला गेला, तो सिगुर्ड स्लेम्बे या दुसऱ्या दावेदाराच्या हातून, आणि हाही स्वतःस मॅग्नस बेअरफूटचाच पुत्र म्हणवीत होता. पुढच्या पिढीत हाराल्डचे पुत्र एकमेकांवर उठले. ११५५ मध्ये सिगुर्ड मुन, ११५७ मध्ये आयस्टाइन आणि ११६१ मध्ये इंगे असे तिघेही बंधू या संघर्षात कामास आले.

यानंतर चर्चने या प्रश्नात हात घातला. एर्लिंग स्काक्के या बलाढ्य सरदाराचा पुत्र मॅग्नस हा मातेकडून तेवढा राजकुळातील होता; पित्याकडून त्यास काहीच हक्क नव्हता. ही उणीव नीदारोसच्या आर्चबिशप आयस्टाइन याने राज्याभिषेकाने भरून काढली. ११६३-६४ च्या सुमारास बेर्गेन येथे झालेला हा विधी स्कँडिनेव्हियातील पहिला ख्रिस्ती राज्याभिषेक मानला जातो. त्याच सुमारास औरस ज्येष्ठ पुत्रास प्राधान्य देणारा कायदाही झाला. राजरक्तापेक्षा औरसपणा आणि चर्चचा आशीर्वाद श्रेष्ठ, असा हा नवा सिद्धांत होता. स्वेरेस ज्याच्याशी झुंजावयाचे होते तो केवळ मॅग्नस नव्हता, हा सिद्धांतही होता.

स्वेरे ११७६ मध्ये फेरो बेटांवरून नॉर्वेत आला. तो दीक्षित धर्मोपदेशक होता. त्याची माता गुनहिल्ड. तिचा पती उनास हा फण्या बनविणारा कारागीर. सागेतील हकिकतीनुसार गुनहिल्ड रोमला गेली, तेथे तिने पापनिवेदन केले आणि स्वेरेचा खरा पिता राजा सिगुर्ड मुन असल्याचे तिने उघड केले. ही गोष्ट मुलास सांगावी असा पोपचा आदेश झाला आणि त्यानुसार तिने ती सांगितली. म्हणजे साक्षीदार एकच, आणि तीही माता. साक्ष दिली गेली ती पापनिवेदनाच्या गोपनीयतेत. ती खोडता येणार नाही आणि पडताळताही येणार नाही अशी ही मांडणी आहे. स्वेरेचे वय चोवीस असल्याचे सागा सांगते. धर्मोपदेशकाच्या दीक्षेसाठी वयाची तीस वर्षे पूर्ण असावीत, या चर्चच्या नियमावर बोट ठेवून काही अभ्यासकांनी स्वेरेचा जन्म मागे नेला आहे. तो ११४६ पूर्वीचा धरला तर ११३३ मध्ये जन्मलेला सिगुर्ड त्या वेळी जेमतेम तेरा वर्षांचा ठरतो. हा तर्क वजनदार असला तरी निर्णायक नव्हे. दूरच्या बेटांवर असे नियम किती काटेकोरपणे पाळले जात, हा प्रश्न उरतोच. गॅथॉर्न-हार्डी यांनी तर १९५६ मधील आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच स्वेरेस 'राजतोतया' ठरवून टाकले. 'तोतया' म्हटले की मराठी मनास पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया आठवतो. पण तेथे सदाशिवरावभाऊ नावाची एक ज्ञात व्यक्ती होती आणि तिच्याशी ताडून पाहण्याची सोय होती. स्वेरेच्या बाबतीत ताडून पाहावे असे मूळच नाही. म्हणून त्याच्यासाठी हा शब्द वापरणे म्हणजे निकाल आधी देऊन मग खटला चालविण्यासारखे आहे.

सागेची प्रस्तावना एका बाबतीत विलक्षण प्रामाणिक आहे. आरंभीचा भाग आइसलँडमधील थिंगेइरार मठाचा मठाधिपती कार्ल योनसन याने लिहिला आणि काय लिहावे हे स्वतः स्वेरे राजाने जवळ बसून ठरविले, असे ती स्पष्ट सांगते. कार्ल ११८५ मध्ये नॉर्वेत आला होता. ११८४ च्या जून महिन्यात फिमरायटे येथील नाविक युद्धात मॅग्नस मारला गेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या लेखनाची निकड कळते. शत्रू उरला नव्हता, पण हक्काचा प्रश्न उरला होता.

या आरंभीच्या भागात स्वप्नांना जे स्थान आहे ते अलंकरणाचे नाही. मातेस प्रसूतीपूर्वी पडलेले तेजस्वी शुभ्र पाषाणाचे स्वप्न, स्वतः स्वेरे प्रचंड पक्षी होऊन नॉर्वेवर पंख पसरतो ते स्वप्न, संत ओलाफ त्यास आपल्या पक्षास घेतो ते स्वप्न, आणि प्रेषित सॅम्युअल त्यास तैलाभिषेक करतो ते स्वप्न. यांतील शेवटचे स्वप्न सर्वांत महत्त्वाचे आहे. मॅग्नसला आर्चबिशपने अभिषेक केला होता. स्वेरेस, सागेच्या म्हणण्याप्रमाणे, तो त्याहून वरच्या अधिकाऱ्याकडून आधीच झाला होता. सॅम्युअलने ज्यास अभिषेक केला तो दावीद राजा पूर्वी मेंढपाळ होता, हे तत्कालीन श्रोत्यास वेगळे सांगावे लागत नसे. फणीवाल्याच्या घरात वाढलेल्या मुलासाठी याहून सोयीचा पूर्वज मिळणे कठीण.

तथापि सागेस निव्वळ प्रचारग्रंथ म्हणून बाजूला सारता येत नाही. स्वेरेस गैरसोयीचा असा एक प्रसंग तिने जपून ठेवला आहे. एरिक नावाचा एक मनुष्य आपणही सिगुर्ड मुनचाच पुत्र असल्याचे सांगत आला आणि त्याने तप्त लोहाचे दिव्य करण्याची तयारी दाखविली. आपण सिगुर्डचे पुत्र आणि स्वेरेचे बंधू आहोत अशी शपथ त्याने घ्यावी असा घाट घातला गेला. एरिकने नकार दिला. लोखंड उचलीन ते माझ्या स्वतःच्या पितृत्वासाठी, दुसऱ्या कुणाच्या नाही, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. तो दिव्यातून निर्दोष बाहेर पडला. स्वेरेने मात्र स्वतः कधीही दिव्य केले नाही. सागा यावर एक शब्दही भाष्य करीत नाही. हे मौन अनवधानाचे मानावे की लेखकाची गद्यशैलीच तशी संयत आहे असे मानावे, याविषयी मतभेद होऊ शकतात. पण प्रसंग गाळता आला असता आणि तो गाळलेला नाही, हे महत्त्वाचे.

दिव्याच्या जागी स्वेरेजवळ होती ती वाणी. सागेतील भाषणे हा तिचा सर्वांत जिवंत भाग होय. ११७९ मध्ये नीदारोस येथे एर्लिंग स्काक्के मारला गेला. त्याच्या दफनप्रसंगी विजेता स्वेरे बोलावयास उभा राहिला. मॅग्नससाठी लढताना जो मरेल तो थेट स्वर्गात जाईल, असे आर्चबिशपाने सांगितले होते. त्याचा आधार घेऊन, आज एवढे नवे संत एकदम निर्माण झाल्याबद्दल सर्वांनी आनंद मानावा, असे तो गंभीर मुद्रेने सुचवितो. पूर्वी राजा, जार्ल आणि आर्चबिशप अशा तिघांच्या जागी आता एकच मनुष्य उभा आहे आणि तो मीच, असेही तो सांगतो. शोकसभेत उपरोधाचा असा वापर करणारा राजा मध्ययुगीन वाङ्मयात क्वचितच भेटेल. चर्चशी त्याचे वैर पुढे इतके वाढले की ११९४ मध्ये बेर्गेन येथे झालेल्या राज्याभिषेकानंतर तो आणि त्याचे बिशप बहिष्कृत झाले आणि ११९८ मध्ये पोप तिसरा इनोसंट याने त्याच्या पक्षाच्या प्रदेशावर धर्मविधिबंदी लादली.

फिमरायटेनंतर स्वेरेने मॅग्नसचे शव उघडे ठेवून लोकांस ते पाहावयास लावले, जेणेकरून मॅग्नस जिवंत असल्याची आवई पुढे कोणी उठवू नये. याच गोष्टीची विलक्षण पुनरावृत्ती सागेच्या अखेरीस आढळते. १२०२ मध्ये बेर्गेन येथे मृत्युशय्येवर असताना, मृत्यूनंतर आपलाही चेहरा उघडा ठेवावा, बहिष्काराच्या शापाची काही खूण देहावर उमटते काय ते शत्रुमित्रांनी पाहावे, अशी आज्ञा तो देतो. आणि हाकोन या एकाच पुत्राखेरीज आपला दुसरा कोणी पुत्र हयात असल्याचे आपणास ठाऊक नाही, मागाहून कोणी तसे म्हणत आले तरीही, असे तो उपस्थितांसमोर सांगतो. ज्या दारातून तो स्वतः आत आला, ते दार तो मरताना लावून घेऊ पाहतो. सागेतील हा सर्वांत मार्मिक क्षण आहे आणि लेखकाने तोही भाष्याविना सोडला आहे.

ते दार लगेच लागले नाही. हाकोन १२०४ मध्ये वारला. त्याचा मरणोत्तर जन्मलेला पुत्र म्हणून पुढे आलेल्या बालकास १२१७ मध्ये राजा करण्यात आले. पण १२१८ मध्ये त्याची माता इंगा हिला त्याच्या पितृत्वासाठी बेर्गेन येथे तप्त लोह उचलावे लागले. त्याच सुमारास नॉर्वेत आलेल्या स्नोरीचे सख्य जुळले ते बालराजाचा प्रतिस्पर्धी जार्ल स्कुले याच्याशी. स्कुलेने १२३९ मध्ये राजपद घोषित केले आणि १२४० मध्ये तो मारला गेला; १२४१ मध्ये स्नोरीचाही आइसलँडमधील रेक्होल्ट येथे वध झाला. त्याच्या 'हाइम्सक्रिंग्ला'चे कथन ११७७ पाशी, म्हणजे स्वेरेचा उदय जेथे सुरू होतो नेमके तेथेच, थांबते. १२४७ मध्ये राज्याभिषेकासाठी आलेल्या कार्डिनल विल्यमने दिव्याची प्रथा बंद करविली आणि १२६० मध्ये औरस ज्येष्ठ पुत्राच्या एकमेव हक्काचा कायदा झाला. स्नोरीचा पुतण्या स्तुर्ला थोर्दारसन याने या हाकोन राजाची आणि नंतर त्याचा पुत्र मॅग्नस याची सागा लिहिली. मॅग्नसच्या सागेचे आज केवळ त्रुटित अवशेष उरले आहेत. समकालीन राजावर रचलेली ती अखेरची सागा होय.