घर घेताना कोण कोणाचं?

मैत्रिणींनो, हा पाठ या महिन्याच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा. ज्या ताईच्या मनात घर किंवा घरासाठी जागा घ्यायचं चाललं आहे, तिने तेवढा वेळ तरी चहाला उठू नये.

आधी आपल्याच एका ताईची गोष्ट सांगते. "लिहा, पण नाव नको," असं तिनेच सांगितलं आहे. तिने तालुक्याच्या गावाला लागून दीड गुंठा जागा घेतली. किंमत दोन लाख ऐंशी हजार, त्यात ऐंशी हजार गटाचं कर्ज. दलालाने स्टॅम्पवर मजकूर लिहून आणला, नोटरीचा शिक्का मारून घेतला आणि म्हणाला, "झाली जागा तुमची." ताईने पेढे वाटले. मीही खाल्ले. मी प्रभागसंघाची लेखापाल, तिच्या कर्जअर्जावर शिफारशीची सही माझी. तो कागद मी हातात धरून पाहिला होता आणि लाल शिक्का बघून मला तो पक्का वाटला होता.

दीड वर्षाने ताई पाया खणायला गेली, तेव्हा मूळ मालक वारला होता. त्याच्या दोन लेकी जागेवर येऊन उभ्या राहिल्या. "जमीन वडिलोपार्जित आहे. आमची सही कुठे आहे?" त्या भांडायला आल्या नव्हत्या, शांतपणे विचारत होत्या. ताईकडे उत्तर नव्हतं, कारण असा प्रश्न तिला व्यवहाराच्या वेळी कुणी विचारलाच नव्हता. दलाल होता, नोटरी होता, स्टॅम्पवाला होता, साक्षीदार होते. एवढी माणसं होती, पण त्यातलं तिचं कोण होतं?

म्हणून घर घेताना भेटणाऱ्या प्रत्येक माणसाबद्दल एकच गोष्ट आधी समजून घ्या. हा पैसे कोणाकडून घेतो आणि काम कोणाचं करतो?

दलालापासून सुरू करू. व्यवहार झाला तरच त्याला पैसे मिळतात, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी. म्हणजे व्यवहार मोडेल असं काही तो आपण होऊन सांगेल, ही अपेक्षाच चुकीची. तो वाईट असतो असं मी म्हणत नाही. जागा दाखवणं, भाव जुळवणं, मालकाला गाठून देणं ही कामं तो करतो आणि त्याची दलाली रास्त आहे. पण कागद तपासणं हे त्याचं काम नाही. तालुक्यात बिल्डरच्या इमारतीत फ्लॅट घेत असाल, तर महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटलाही महारेराची नोंदणी लागते. त्याचा नंबर मागा आणि संकेतस्थळावर लेकीकडून नाहीतर सीआरपी ताईकडून बघून घ्या. अशा प्रकल्पात करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आता नोटरी. आपण सगळ्या इथेच फसतो. ही सही माझ्यासमोर झाली, एवढंच नोटरी सांगतो. जागा विकणाऱ्याची आहे की शेजाऱ्याची, हे तो पाहत नाही. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदवलेल्या खरेदीखतानेच विकली जाते, असा कायदा १८८२ सालापासून आहे. नोटरीच्या स्टॅम्पने, साठेखताने किंवा मुखत्यारपत्राने पैसे जातात, मालकी येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मुखत्यारपत्रावरच्या विक्रीबद्दल हे स्पष्ट सांगितलं आहे.

मग दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, म्हणजे आपण ज्याला रजिस्ट्री म्हणतो तिथे, दस्त नोंदला की झालं का? तिथे तुमचा फोटो निघतो, अंगठ्याचा ठसा घेतात, ओळख पटवतात, मुद्रांक शुल्क पुरेसं भरलं का ते पाहतात. मालकी खरी की खोटी याचा निवाडा तिथे होत नाही. खोट्या मालकाचाही दस्त नोंदला जाऊ शकतो. दस्तलेखक तुम्ही सांगाल ते लिहितो. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) सातबारा देतात, खरेदीनंतर फेरफाराची नोंद धरतात. ती नोंद महसुलासाठी. घराचा नमुना आठ हा उतारा ग्रामपंचायत घरपट्टीसाठी ठेवते. दोन्ही उतारे हवेतच, पण उताऱ्यावर नाव आहे म्हणजे विकायचा पूर्ण हक्क आहे, असं धरून चालू नका.

बँकेचं कर्ज काढलं तर बँकेचा वकील आणि मूल्यांकन करणारा येतो. त्यांची फी आपल्याकडूनच घेतात, म्हणून तो आपला वकील वाटतो. तो बँकेचा. बँकेचे पैसे बुडू नयेत एवढं तो पाहतो. तरीही त्याच्या अहवालाची प्रत मागायला लाजू नका.

उरला तो वकील, जो तुम्ही स्वतः शोधलात आणि ज्याची फी तुम्ही स्वतः दिलीत. या सगळ्या गर्दीत तुमच्या बाजूने बघणारा तेवढाच एक. दलालाने "आपला माणूस आहे" म्हणून आणलेला वकील यात धरू नका. या वकिलाकडून शोध अहवाल घ्यायचा, ज्याला सर्च रिपोर्ट म्हणतात. मागच्या तीस वर्षांत ही मिळकत कोणाकडून कोणाकडे गेली, कोणता बोजा आहे, दावा चालू आहे का, हे तो कागदपत्रांतून काढतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत काय लिहिलंय, जमीन भोगवटादार वर्ग दोनची आहे का, बिनशेती झाली आहे का, हे पाहतो. वर्ग दोनची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. एक-दोन गुंठ्यांची शेतजमीन घेत असाल तर तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो. या कायद्यात अलीकडे काही सवलती दिल्या आहेत, त्या तुमच्या गट नंबरला लागू आहेत का, हे वकिलाकडून लेखी घ्या, तोंडी नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वकील वंशावळ मागतो. मालकाला मुलं किती, मुली किती, बहिणी किती, त्यांच्या सह्या होणार का, की त्यांनी हक्कसोडपत्र करून दिलं आहे? हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला जन्मापासून लेकाइतकाच हक्क मिळाला आहे. हे आपण आपल्याच बैठकांमध्ये किती वेळा शिकलो! माहेरच्या सातबाऱ्यावर नाव लावा म्हणून मीच भाषणं केली आहेत. मग दुसऱ्या कुणाच्या माहेरची जागा घेताना ते आठवलं नाही. त्या दोन बहिणींचं काही चुकलं नाही. आमचं चुकलं.

वकिलाची फी काही हजारांत जाते, म्हणून आपण ती वाचवतो आणि लाखाचा व्यवहार अंदाजाने करतो. फी परवडत नसेल, तर तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. बाईला तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. व्यवहाराआधी कागद घेऊन तिथे सल्ल्याला जा.

मोजणीचंही थोडं सांगते. जागा कागदावर दीड गुंठा आणि कुंपणात सव्वा, असं होतं. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी झाली असेल तर तिची 'क' प्रत मागा, नसेल तर मालकाला अर्ज करायला सांगा. दलालाचा टेप ही मोजणी नव्हे.

पैशांबद्दल. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्यात बसत नाही. चेकने किंवा खात्यातून द्या, म्हणजे दिल्याचा पुरावा राहतो. आपल्या ताईने दोन लाख रोख मोजले होते.

एक फायद्याची गोष्टही आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर बाईच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. आठ लाखांच्या घरावर आठ हजार वाचतात. खरेदीदार म्हणून नवऱ्याचं नाव सोबत घातलं की ही सवलत जाते. त्यामुळे घरात यावर थोडा वाद होईल. होऊ द्या.

ताईचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. विधी सेवा समितीतून तिला वकील मिळाला आहे. त्या बहिणी बोलायला तयार आहेत, भाऊ आजच्या बाजारभावाने पैसे मागतात. दलाल फोन उचलत नाही. गटाचा हप्ता मात्र ती दर महिन्याला भरते, एकही चुकलेला नाही. अजून सात बाकी आहेत.

या महिन्यापासून घर किंवा जागेसाठी कर्ज मागणाऱ्या प्रत्येक अर्जाला शोध अहवालाची झेरॉक्स जोडायची आहे. ती नसेल तर मी शिफारशीची सही करणार नाही, कृपया राग मानू नये. वकिलाच्या फीसाठी हातात पैसे नसतील, तर गटाने अंतर्गत कर्जातून आधी तेवढीच रक्कम द्यावी आणि अहवाल बघून मगच पुढची.