सुधारित आवृत्ती बसविताना खंड पडला तर...

एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालविण्याची पद्धत आता कारखाने, रुग्णालये व पतसंस्थांमध्येही रुळली आहे. या सर्वांवर देखरेख ठेवण्याचे काम एका व्यवस्थापक संगणकाकडे असते. व्हीएमवेअरच्या रचनेत त्यास 'व्हीसेंटर' म्हणतात. गंमत अशी की, हा व्यवस्थापक स्वतःही बहुधा एक आभासी संगणकच असतो आणि ज्यांची देखरेख तो करतो, त्यांच्यापैकीच एका सर्व्हरवर तो राहतो. त्याचे अपडेट अर्ध्यावर फसले, तर कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, हे जाणून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

काय चालते, काय थांबते?

प्रत्येक सर्व्हरवरील 'ईएसएक्सआय' ही प्रणाली स्वतंत्रपणे काम करते. त्यामुळे व्हीसेंटर बंद पडले तरी हिशेबाचे, पगाराचे वा साठ्याचे आभासी संगणक चालूच राहतात. आधीच कार्यान्वित केलेली 'हाय अव्हेलेबिलिटी' सुविधाही टिकून राहते. मात्र चालू संगणक एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविणे आणि भाराचे आपोआप वाटप ही कामे थांबतात. अनेक बॅकअप सॉफ्टवेअर व्हीसेंटरमार्फतच चालत असल्याने रात्रीचा बॅकअपही चुकू शकतो. म्हणून घाईने सर्व्हर बंद-चालू करणे जसे अयोग्य, तसेच दुरुस्ती दिवसेंदिवस लांबविणेही धोक्याचे.

प्रथम निदान

व्हीसेंटरचे स्वतःचे व्यवस्थापन पृष्ठ ५४८० क्रमांकाच्या पोर्टवर उघडते. ते उघडत असल्यास डिस्कवरील मोकळी जागा व सेवांची स्थिती तपासावी. नोंदींच्या फाइलींनी जागा व्यापून टाकणे, हे अपयशाचे एक नेहमीचे कारण असते. तथापि जागा मोकळी करण्याच्या नादात डेटाबेसच्या फाइलींना हात लावू नये.

स्नॅपशॉटचा मार्ग

अपडेटपूर्वी स्नॅपशॉट घेतलेला असेल, तर तो सर्वांत जवळचा मार्ग होय. परंतु व्हीसेंटरच बंद असल्याने ते ज्या ईएसएक्सआय सर्व्हरवर आहे, त्यावर थेट प्रवेश करून मागील स्थितीत परतावे लागते. तो सर्व्हर कोणता, याची नोंद व त्याचा पासवर्ड आधीच जपून ठेवावा. अनेक व्हीसेंटर परस्परांशी जोडलेले असल्यास सर्वांचे स्नॅपशॉट ते बंद ठेवून एकाच वेळी घ्यावे लागतात व परतही सर्वांना एकत्रच न्यावे लागते. स्नॅपशॉट मूळ डिस्कशेजारीच राहतो. ती साठवण निकामी झाली, तर दोन्ही जातात. म्हणून त्याला बॅकअप समजू नये आणि अपडेट यशस्वी होताच तो काढून टाकावा.

बॅकअपचा मार्ग

आवृत्ती ६.५ पासून व्हीसेंटरच्या माहितीचा बॅकअप अन्य संगणकावर फाइलींच्या रूपात ठेवता येतो. पुनर्स्थापना दोन टप्प्यांत होते : प्रथम नवे, रिकामे व्हीसेंटर उभारले जाते व नंतर त्यात जुनी माहिती भरली जाते. येथे तीन अटी महत्त्वाच्या आहेत. स्थापनेची प्रत बॅकअपच्या वेळी असलेल्या आवृत्तीचीच हवी. बॅकअप कूटबद्ध असल्यास त्याचा पासवर्ड हाती हवा. आणि नाव व पत्ता तोच असल्याने जुने व्हीसेंटर बंद ठेवलेले हवे. नेटवर्क 'डिस्ट्रिब्युटेड स्विच'वर असल्यास त्यात 'एफेमरल' प्रकारचा एक पोर्ट-गट राखून ठेवावा. अन्यथा नव्या व्हीसेंटरला जोडणी मिळण्यातच अडचण येते.

एक बोलके उदाहरण

परतीची वाट आधी तपासणे किती आवश्यक असते, हे बँकिंग क्षेत्राने अनुभवले आहे. जून २०१२ मध्ये ब्रिटनमधील रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात रात्रीची कामे क्रमाने चालविणाऱ्या सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती बसविली गेली. अडचण दिसताच ती काढण्यात आली. पण काढण्याचे परिणाम तपासलेले नव्हते. परिणामी ब्रिटनमधील ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना त्रास झाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये दोन नियामकांनी मिळून ५.६ कोटी पौंडांचा दंड आकारला.

सुधारित आवृत्ती टाळणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण सुरक्षेतील त्रुटी तिच्यामुळेच बुजतात. मात्र पुढे जाण्याआधी मागे येण्याची वाट एकदा चालून पाहावी. वर्षातून एकदा तरी बॅकअपवरून वेगळ्या जागी पुनर्स्थापनेचा सराव केलेली संस्था प्रसंगी गोंधळत नाही. आणि तिच्या ग्राहकांना काही बिघडले होते, याचा पत्ताही लागत नाही.