द्राक्षवेल वऱ्हाडात का रमली नाही?

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचे ठरविले. शेतकऱ्याच्या फळाला बाजार मिळेल, असे कारण सांगण्यात आले आणि त्यावर बराच वाद झाला. हा शेतकरी नेमका कोठला, हा प्रश्न वऱ्हाडातील विद्यार्थ्याला पडावयास हवा.

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, अकोला पावणेएकवीसवर. म्हणजे सूर्य दोघांनाही जवळजवळ सारखाच. मग द्राक्षमद्याचा धंदा तिकडेच का वाढला? युरोपात कडाक्याच्या थंडीने वेल पाने गाळून झोपी जाते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून तिला कात्रीने वळण लावावे लागते : एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. या दुसऱ्या छाटणीनंतरचे चार-पाच महिने आकाश कोरडे हवे, नाहीतर केवडा रोग पडतो. रात्री थंड हव्यात, कारण त्यामुळे फळातील आम्लता टिकते. तिच्यावाचून वाइन मिळमिळीत होते. सुमारे सहाशे मीटर उंचीवरील नाशिकला हे सारे लाभते. सह्याद्रीने पाऊस अडविल्यामुळे निफाडकडची हवा कोरडी, आणि पाणी मात्र गोदावरीच्या धरणांतून मिळते.

वऱ्हाडात उन्हाळाच आड येतो, असे म्हणून चालणार नाही. सोलापूरचा उन्हाळा काही मवाळ नाही, तरी तेथे द्राक्षे पिकतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खरी अडचण जमिनीखाली आहे. अकोला-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट, आणि काळी माती इतकी खोल व चिकण की पावसाळ्यात ती पाणी सोडत नाही. द्राक्षवेलीला खारे पाणी मानवत नाही आणि मुळाशी तुंबलेलेही मानवत नाही. तेथे पावसावरची कपाशी आणि तूरच बरी.

वरुड-मोर्शीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, पाणी गोडे आहे. तेथे संत्रा आला. त्यालाही थंडीची झोप नाही. पाणी तोडून ताण द्यावा, तेव्हा आंबिया किंवा मृग बहार फुटतो. आता तेथील विहिरी व बोअर इतक्या खोल गेल्या आहेत की हा ताण झाडाला आहे की बागाइतदाराला, असे विचारावेसे वाटते! बरे, या संत्र्याचीच वाइन का करू नये? संत्र्याच्या रसात साखर सुमारे दहा टक्के, वाइनच्या द्राक्षात वीस ते चोवीस. आंबविल्यावर साखरेच्या निम्म्याहून थोडा अधिक मद्यार्क तयार होतो. तेव्हा संत्र्याची वाइन बारा टक्क्यांवर न्यावयाची, तर साखर बाहेरून घालावी लागते, आणि नफ्याचा एक वाटा साखर कारखान्याकडे जातो.

साखरेने भरलेले फूल वऱ्हाडात आहे, ते मेळघाटात. मोह मार्च-एप्रिलच्या उन्हात, पाने झडल्यावर, फुले टाकतो. त्याला छाटणी नको, विहीर नको. कोरकू बाया पहाटे ती वेचतात. परंतु मोहाची दारू भट्टीवर गाळलेली असते, म्हणून वाइनसंबंधीच्या निर्णयात ती येत नाही.