येरळेची वाळू कोणाची?



येरळा नदी साताऱ्याच्या खटाव तालुक्यात उगम पावते आणि आपल्या जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेस मिळते. वर्षातले बरेच महिने तिचे पात्र कोरडे दिसते. पण वाळूच्या थरात पाणी धरलेले असते व त्यावर काठच्या विहिरी जगतात. वाळू बेसुमार उपसली की विहिरी आटतात.

१९८२ च्या गिरणी संपात मुंबईहून खानापूर तालुक्यात परतलेल्या कामगारांना गावी दुष्काळच भेटला. भारत पाटणकर आदींच्या मुक्ती संघर्ष चळवळीतून प्रश्न उभा राहिला : ठेकेदार वाळू नेतो, मग गावाला काय उरते? बलवडी व तांदुळवाडीचे लोक म्हणाले, थोडी वाळू आम्हीच विकू आणि त्या पैशातून धरण बांधू. परवानगीसाठी त्यांना झगडावे लागले. अभियंते के. आर. दाते यांनी मदत केली, विद्यार्थी श्रमदानाला आले आणि बळीराजा धरण उभे राहिले.

आम्हाला मोलाचे वाटते ते पाण्याचे वाटप. न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे, असे आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकलो. पण पाणी मुळात कोणाचे? ज्याची जमीन त्याचे, असे आपण सहज धरून चालतो (कालव्याचे पाणीही त्याच हिशेबाने जाते). येथे जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर प्रत्येक कुटुंबाला समान पाणी, असे ठरले. भूमिहीनांचाही त्यात वाटा. जमीन नसलेल्याने पाणी घेऊन करायचे काय, असे कोणी विचारील. तो आपला पाण्याचा हक्क घेऊन दुसऱ्याचे रान वाट्याने करू शकतो. आणि मग तो केवळ मजूर म्हणून बांधावर उभा राहत नाही.